लग्नघरातला तपास : विनोदी रहस्यकथेच्या रचनेचा विचार

लग्नघराइतकी तपासाला सोयीची जागा आपल्या समाजात दुसरी नाही. मराठी लेखकांनी मात्र ती आजवर अर्धीच वापरली आहे. हसवणारे लग्नघर आपल्याकडे भरपूर आहे आणि गूढ उकलणारा नायकही भरपूर आहे. दोघांची गाठ एका पुस्तकात नीट पडलेली क्वचितच दिसते. ती का पडली नाही, पडायची तर कोणत्या नियमांनी पडेल आणि नाशिकसारख्या गावात तिची मांडणी कशी होईल, याचा हा विचार आहे.

इंग्रजीत या प्रकाराला ‘कोझी मिस्टरी’ म्हणतात. मी त्याला घरगुती रहस्यकथा म्हणतो. तिची लक्षणे ठरलेली आहेत. शोध घेणारा माणूस पोलीस नसतो, घरातला किंवा शेजारचा असतो. रक्तपात पडद्याआड होतो, कधी होतही नाही. संशयित सगळे ओळखीचे असतात आणि शेवटी विस्कटलेली घडी पुन्हा बसते. लग्न आणि विक्षिप्त कुटुंब यांवर उभी राहिलेली या प्रकारची नमुनेदार कादंबरी म्हणजे अमेरिकन लेखिका डॉना अँड्र्यूज यांची १९९९ सालची ‘मर्डर विथ पीकॉक्स’. मेग लँग्सलो ही लोहारकाम करणारी तरुणी एकाच उन्हाळ्यात तीन लग्नांची व्यवस्था पाहते : भावाचे, मैत्रिणीचे आणि घटस्फोटित आईचे. वडील डॉक्टर आहेत आणि त्यांना रहस्यकथांचा नाद आहे. हिरवळीवर शोभेसाठी मोर आणायचे ठरते आणि या सगळ्या धांदलीत एक मृतदेह सापडतो. या पहिल्याच कादंबरीला घरगुती रहस्यकथांसाठी दिला जाणारा ‘अगाथा’ पुरस्कार मिळाला आणि पुढे तिची लांबलचक मालिका झाली. अलीकडे, २०२१ मध्ये, जेसी सुतांतो यांच्या ‘डायल ए फॉर आंटीज’ने हेच सूत्र इंडोनेशियन-चिनी मावश्यांच्या गोतावळ्यात नेले. त्याआधी कितीतरी वर्षे वुडहाउसने १९२९ च्या ‘समर लायटनिंग’मध्ये एका भाच्याला मामाची लाडकी डुकरीण चोरायला लावली होती. ती आपणच शोधून दिल्यासारखे करायचे, मामाला खूश करायचे आणि लग्नाला लागणारे पैसे मिळवायचे, असा त्याचा डाव. तिथे खून नाही. चोरी आहे आणि चोरीमागे लग्न आहे.

आता आपल्या लग्नाकडे पाहू. रहस्यकथेला तीन गोष्टी लागतात : बंद वर्तुळ, ठरलेली वेळ आणि प्रत्येकाला काहीतरी लपवायचे कारण. इंग्रजी लेखकाला वर्तुळ बंद करण्यासाठी बर्फ पाडावा लागतो किंवा बेटावरची होडी काढून घ्यावी लागते. आपल्याकडे मंगल कार्यालय आदल्या संध्याकाळी ताब्यात येते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिकामे करून द्यावे लागते. तेवढ्या वेळात शे-दोनशे माणसे एका छपराखाली राहतात. त्यांतल्या निम्म्यांना उरलेली निम्मी ओळखीची नसतात. कोणीही कोणत्याही खोलीत शिरला तरी ‘तिकडचा असेल’ असे म्हणून सोडून दिला जातो. वधूपक्षाची खोली आणि वरपक्षाची खोली अशी वाटणी कागदावर असते. प्रत्यक्षात किल्ल्या कोणाकडे आहेत याचे उत्तर दर तासाला बदलते. दागिन्यांची बॅग सांभाळायला एखादी काकू बसवलेली असते. ‘जरा दोन मिनिटं बघ गं’ म्हणून ती उठते आणि मग दिवसभर ती दोन मिनिटे कोणालाच आठवत नाहीत.

वेळेचा बंदोबस्त तर पत्रिकेवरच छापलेला असतो. मुहूर्त मिनिटात दिलेला असतो. मंगलाष्टके सुरू झाली की सगळे उठून उभे राहतात, सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला होतात आणि सगळ्यांच्या मुठीत अक्षता असतात. मूठभर अक्षता हा त्या क्षणाचा प्रत्येकाचा हजेरीपट आहे. नेमक्या त्याच दहा-पंधरा मिनिटांत खोल्या, स्वयंपाकघर आणि वाहनतळ मोकळे पडलेले असतात. काही घरांत अशी रीत आहे की वधूच्या आईने लग्न लागताना समोर उभे राहायचे नाही, तुळशीला पाणी घालत राहायचे. तपासाच्या दृष्टीने पाहिले तर त्या वेळी आपण कुठे होतो याचा साक्षीदार नसलेली एकमेव व्यक्ती म्हणजे मुलीची आई, आणि ते रीतीनेच ठरवून दिलेले. परदेशी लेखकाला अशी स्थिती बेतायला तीन प्रकरणे खर्च करावी लागतील.

लपवायची कारणे कोणती? बैठकीत मानपान, देणेघेणे, खर्चाची वाटणी यांची यादी होते. त्या यादीत नसलेल्या आणि तरी ठरलेल्या गोष्टी निराळ्या असतात. मुलाची नोकरी, मुलीचे वय, मधल्या काकांचे कर्ज, आत्याचे न जमलेले लग्न, एकमेकांच्या घराण्याची आडून केलेली चौकशी : दोन्ही बाजू काही महिने एकमेकींचा तपासच करत असतात. लग्न ठरवणे ही मुळात पुरावे गोळा करण्याची रीत आहे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने म्हणतात. त्या सतराशेपैकी बहुतेक विघ्ने माहिती उशिरा कळल्यामुळे, चुकीची कळल्यामुळे किंवा भलत्याला कळल्यामुळे आलेली असतात, असे माझे निरीक्षण आहे.

तरीही बंद वर्तुळ आणि मुहूर्त एवढ्याने कादंबरी होत नाही. त्यासाठी माणसे लागतात, आणि या प्रकाराचा खरा प्राण वल्लींमध्ये आहे. वल्ली कशासाठी असतात हे समजण्यासाठी गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळ’कडे जावे लागते.

देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले. आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराच्या ‘ऑल इन द राँग’वर ते बेतलेले होते आणि मर्फीच्या मागे मोलिएर होता. पुढे देवलांनी त्याचेच ‘संगीत संशयकल्लोळ’ केले. १९१६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ते रंगमंचावर आणले. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव यांनी ते महाराष्ट्राच्या घराघरात नेले. पुरुषांना महिन्यांची आणि स्त्रियांना नक्षत्रांची नावे देऊन देवलांनी सगळी पात्रे एका पंचांगात बसवली. पोशाख, बोली आणि घर सगळे इतके इथले झाले की मूळ परके आहे हे प्रेक्षकाला जाणवतही नाही.

गुंता एका तसबिरीने होतो. अश्विनशेठचे रेवतीवर प्रेम आहे आणि तिच्याशी लग्न करायचे त्याच्या मनात आहे. रेवती मघा नायकिणीची मुलगी. अश्विनशेठची तसबीर तिच्याजवळ असताना तिला भोवळ येते. म्हातारपणाकडे झुकलेला फाल्गुनराव तिला सावरायला पुढे होतो. ते त्याची बायको कृत्तिका पाहते. खाली पडलेली तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते. आपली बायको एका तरुणाची तसबीर निरखते आहे हे फाल्गुनराव पाहतो. झाले. नवरा बायकोवर, बायको नवऱ्यावर, अश्विन रेवतीवर आणि रेवती अश्विनवर संशय घेऊ लागते. एका वस्तूने चार तपास सुरू केले आणि चारही तपास चुकीच्या दिशेला धावले.

या रचनेत एक गोष्ट फार मोलाची आहे. फाल्गुनरावाने जे पाहिले ते खोटे नाही. कृत्तिकेच्या हातात परपुरुषाची तसबीर होती. कृत्तिकेनेही खोटे पाहिले नाही. तिच्या नवऱ्याने परस्त्रीला सावरले होते. नजर खरी आहे आणि अनुमान खोटे आहे. नाद लागलेल्या माणसाचे असेच असते. संशयी माणूस संशयाच्या कामाची एकही गोष्ट नजरेतून सुटू देत नाही. टापटिपीचा नाद असलेला सतरंजीची सुरकुती विसरत नाही. हिशेबी मामाला पंगतीला बसलेल्यांची संख्या पाठ असते. वल्ली जगाचा एक छोटा तुकडा पाहतो, पण तो तुकडा इतरांपेक्षा बारकाईने पाहतो. म्हणून या प्रकारात वल्ली हा शोभेचा माणूस नसून सर्वांत भरवशाचा साक्षीदार असतो. त्याची साक्ष हसण्यावारी नेली जाते, आणि तीच शेवटी कामाला येते.

संशय फक्त गमतीचा राहत नाही, हेही देवलांच्या बाबतीत सांगितले पाहिजे. नायकिणीच्या मुलीचे लग्न म्हटले की समाजाचा संशय तयारच असतो. अश्विनशेठ रेवतीवर संशय घेतो तेव्हा त्या काळच्या प्रेक्षकाच्या मनातला तोच संशय रंगमंचावर उभा राहतो. उलगडा होतो तेव्हा रेवतीची बाजू स्वच्छ होते आणि प्रेक्षकाचा संशयही उघडा पडतो. हसवता हसवता एवढे गंभीर काम फार थोड्या विनोदी कृतींनी केले आहे.

यानंतरची मराठी परंपरा वल्लींच्या बाबतीत श्रीमंत आहे. चिं. वि. जोशी बडोद्याला पालीचे प्राध्यापक होते. त्यांच्या चिमणराव आणि गुंड्याभाऊने मध्यमवर्गीय घरातला प्रत्येक समारंभ संकटात टाकून दाखवला आणि त्यांच्या कथेवर मास्टर विनायकांनी १९४० मध्ये ‘लग्न पहावे करून’ हा चित्रपट काढला. आचार्य अत्र्यांच्या १९३३ च्या ‘साष्टांग नमस्कार’मध्ये एकाच घरात जितकी माणसे तितके नाद आहेत. कोणी नमस्कारांचा, कोणी ज्योतिषाचा, कोणी काव्याचा. लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने मराठवाड्यातले अख्खे वऱ्हाड उभे केले. पण या कृतींत वल्ली भरपूर असले तरी त्यांच्या नादांना काही शोधून काढायचे काम दिलेले नाही. नाद एकमेकांवर आपटतात, हशा होतो आणि प्रवेश संपतो. हा दोष नाही. त्या कृतींना ते कामच नको होते. वल्ली आणि पुरावा यांची गाठ मात्र देवलांनंतर सुटली, हे मान्य करावे लागते.

नाशिकने या परंपरेला आपला नाटककार दिला आहे. वसंत कानेटकर हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि त्यांनी बहुतेक सगळे लेखन याच गावात केले. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आणि ‘मत्स्यगंधा’ यांच्या प्रभावळीत त्यांची कौटुंबिक नाटके थोडी मागे पडतात, हे मला नेहमी खटकते. ‘वेड्याचं घर उन्हात’ हे १९५७ मध्ये पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केले आणि त्यात डॉ. श्रीराम लागूंनी दादासाहेबांची भूमिका केली. घरच्या कर्त्या पुरुषाच्या विक्षिप्त वागण्यामागे काय दडले आहे, हा त्या नाटकाचा प्रश्न. म्हणजे ते रहस्यनाट्यच आहे. त्यातले रहस्य मनात आहे, कपाटात नाही. ‘प्रेमा तुझा रंग कसा’मध्ये प्राध्यापक बल्लाळांच्या घरात मुलांच्या प्रेमप्रकरणांनी आणि लग्नांनी उडालेली धांदल आहे, तर ‘सूर्याची पिल्ले’मध्ये कर्तबगार बापाच्या पुण्याईवर जगणारी विक्षिप्त भावंडे. एकाच लेखकाने, एकाच गावात बसून, विक्षिप्त घर, लग्नाची भानगड आणि दडलेली गोष्ट हे तिन्ही धागे वेगवेगळ्या नाटकांत हाताळले. ते एकाच कादंबरीत विणले गेले असते तर आज हा लेख लिहावा लागला नसता.

विनोद कुठे थांबतो हे ठरवायला ‘तो मी नव्हेच’ उपयोगी पडते. अत्र्यांचे हे नाटक ऑक्टोबर १९६२ मध्ये रंगमंचावर आले. माधव काझी याच्यावरच्या खटल्याचा त्याला आधार होता. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे निरनिराळी नावे घेऊन बायकांना लग्नाच्या आमिषाने फसवतो असा आरोप आहे. प्रभाकर पणशीकर यांनी त्यातल्या पाच भूमिका आणि फिरता रंगमंच गाजवला. इथे लग्न हाच गुन्हा आहे. साक्षीदार हसवतात, लखोबाचा थंडपणाही हसवतो. पण फसवल्या गेलेल्या बायका घडी बसवून घरी जाऊ शकत नाहीत. म्हणून मी हे नाटक घरगुती रहस्यकथेत धरत नाही, तिच्या सीमेवरचा दगड मानतो. विस्कटलेले नाते पुन्हा जुळण्याची शक्यता उरली तरच या प्रकारातले हसू प्रामाणिक राहते.

मग कादंबरीने हे का केले नाही? बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ यांनी दोन पिढ्यांना वाचनाचे वेड लावले. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद आणि फिरोज इराणी उभे केले. या नायकांचे सामर्थ्य असे की ते घराबाहेरचे आहेत. ते येतात, गुन्हेगाराला पकडतात आणि निघून जातात. त्यांना कोणाच्या आत्याला उत्तर द्यावे लागत नाही. मुलांच्या जगात भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीच्या फास्टर फेणेने हसू आणि शोध एकत्र आणले. पण फाफे मुलगा आहे, लग्नघरात तो वरणभात वाढेल, सोयरिकीचे गुपित त्याला कळणार नाही. घरातल्या बाईच्या हाती तपास देण्याची सवय आपल्या लोकप्रिय कादंबरीला लागली नाही. विनोदाची कमाई नाटकाकडे होती आणि नाटकाच्या तिकिटाला गिऱ्हाईक होते. त्यामुळे विनोदी लेखकही रंगमंचाकडे गेला.

आणि नाटकाला एक मर्यादा आहे, तीच या विवेचनाचा गाभा. ‘संशयकल्लोळ’मध्ये तसबीर पडताना प्रेक्षक पाहतो. प्रत्येक पात्राला काय कळले आणि काय कळले नाही, हे त्याला सुरुवातीपासून ठाऊक असते. तो पात्रांना हसतो, कारण त्याच्याकडे उत्तर आहे. रंगमंच वस्तू लपवू शकतो, पण विनोद करताना ती लपवणे त्याला फार कठीण जाते. हशा यायचा तर प्रेक्षकाला कारण कळले पाहिजे. कादंबरीचे तसे नाही. कादंबरीत एक वाक्य वाचकाला हसवू शकते आणि त्याच वाक्यात पुरावा पुरलेला असू शकतो. माणूस हसतो तेव्हा त्याची चौकस नजर क्षणभर ढिली पडते. पुढचे वाक्य येते आणि तो पुढे जातो. शंभर पानांनी तेच वाक्य परत येते तेव्हा वाचकाला कळते की आपल्याला सगळे सांगितलेले होते. म्हणून माझा नियम असा की या प्रकारात विनोद आणि पुरावा एकाच वाक्यात राहिले पाहिजेत. विनोद एका बाजूला आणि तपास दुसऱ्या बाजूला ठेवला की पुस्तकाचे दोन तुकडे होतात. परदेशातल्या या प्रकारच्या कितीतरी साधारण पुस्तकांत नेमके हेच होते. आत्याबाई गंमत करतात, नायिका तपास करते आणि दोघींचा एकमेकींशी संबंध राहत नाही.

हा नियम वापरून नाशिकमध्ये एक कथानक बेतून पाहू. नाशिक निवडण्याचे कारण गोदावरी. गुरू सिंह राशीत असताना, म्हणजे सिंहस्थात, लग्ने करू नयेत असा जुना संकेत आहे, आणि धर्मशास्त्राच्या ग्रंथांत त्याचा मुख्य पट्टा गोदावरीपासून उत्तरेला भागीरथीपर्यंतचा सांगितला आहे. दक्षिणेकडे बंधन सौम्य होते. आता नाशिकच्या नकाशावर हे मांडा. पंचवटी उत्तर तीरावर, जुने नाशिक आणि गंगापूर रोड दक्षिण तीरावर. मधे नदी आणि चार-दोन पूल. आज पुष्कळ घरे हे पाळत नाहीत आणि पंचांगांतही अपवाद सापडतात. पण घरात एक पाळणारा निघाला की पुरे. २०१५ नंतरचा सिंहस्थ ३१ ऑक्टोबर २०२६ ला सुरू होणार असे जाहीर झाले आहे. त्या वर्षी मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत अधिक ज्येष्ठ, मग जुलैअखेर चातुर्मास. ज्यांचे लग्न त्याआधी उरकले नाही त्यांना तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त, आणि तोवर सिंहस्थ लागलेला.

असे एक कुटुंब कल्पू. पंचवटीतले कार्यालय ठरलेले आहे. आजोबांना पंचांगाचा नाद. ते हट्टाला पेटतात की लग्न दक्षिण तीरावरच लागले पाहिजे. आयत्या वेळी गंगापूर रोडवरचे एक लॉन मिळते आणि लग्नाच्या दिवशी सकाळी सगळे सामान ‘छोटा हत्ती’ टेंपोत भरून नदीपलीकडे न्यावे लागते. आजोबा पुढच्या सीटवर. गाडी अहिल्याबाई होळकर पुलाचा शेवटचा खांब ओलांडते त्या क्षणी ते घड्याळ पाहतात आणि खिशातल्या पंचांगावर पेन्सिलीने वेळ टिपतात : नऊ वाजून दहा मिनिटे. मुलीचे सामान वर्ज्य भूमीतून बाहेर पडले त्याची ही नोंद. पूल संपताच ते उतरून रामकुंडाकडे परत जातात, कारण त्यांचे स्नान राहिलेले असते. वाचक इथे हसतो.

सामानात आजीची हातमागाची येवल्याची पैठणी आहे. आजी गेल्यापासून ती धाकट्या काकांच्या कपाटात होती. नातीने ती लग्नात नेसायची, असे आजीच सांगून गेली होती. आणि घरात एक आत्या आहे, जिला समोर आलेल्या प्रत्येक साडीचा पदर उलटा करून पाहण्याची सवय. विहीणबाईंचा पदरसुद्धा तिने सीमांतपूजनाच्या वेळी उलटा केला आणि घरच्यांना मान खाली घालावी लागली. हातमागावर विणलेल्या अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. प्रत्येक रंगाचा धागा आपल्या नक्षीपुरता विणून शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो, त्यामुळे मागे काही लोंबत नाही. यंत्रावरच्या नकलेत पाठीमागे मोकळ्या धाग्यांच्या रांगा दिसतात. आत्या हे ज्याला त्याला ऐकवत असते. लग्नाच्या सकाळी दहा साड्या उलट्या करत ती म्हणते की या घरात एकीचाही पदर धड नाही, सगळ्यांच्या पाठीला दोरे. तिला कोणी उत्तर देत नाही. वाचकही हसून पुढे जातो.

करवली ही इथली शोधक. तिला दोन्ही पक्षांच्या खोल्यांत मुक्त प्रवेश आहे, जोडे लपवण्याच्या निमित्ताने तिने कुठेही डोकावले तरी कोणी विचारत नाही आणि वडीलधारे तिच्यासमोर बोलायचे थांबत नाहीत, कारण ती त्यांच्या लेखी लहान आहे. लग्न लागल्यावर साडीला इस्त्री करणारी बाई तिला सहज सांगते की जुन्या पैठणीला घडीच्या रेघा असतात, हिला नाहीत. करवलीला आत्याचे वाक्य आठवते : एकीचाही नाही. म्हणजे आजीच्या साडीचाही नाही. मग ती आजोबांचे पंचांग मागते. पुलावरून गाडी नऊ-दहाला गेली. गंगापूर रोडवर लॉनच्या वहीत सामान उतरवल्याची वेळ अकरा. एवढ्या अंतराला इतका वेळ लागत नाही. पुलापासून मेन रोडची साड्यांची दुकाने मात्र हाकेच्या अंतरावर आहेत. आणि गाडीत त्या वेळी एकटे काका होते.

काकांनी चोरी केलेली नाही. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम जरीच्या भाराने घडीवरच तडकते. अशा साडीची घडी अधूनमधून मोडून बदलावी लागते, हे काकांना कोणी सांगितले नव्हते. आदल्या रात्री हवा लागावी म्हणून त्यांनी ती उघडली तर पदराला तीन ठिकाणी चिरा पडलेल्या. आईची शेवटची वस्तू आपल्या हातून गेली, हे भर लग्नघरात सांगायची त्यांना हिंमत झाली नाही. सकाळी उघडलेल्या पहिल्या दुकानातून त्यांनी रंग जुळवून एक साडी घेतली.

गुन्हेगाराचा हेतू असाच असला पाहिजे, घरातल्याच एखाद्या चांगल्या गुणातून वाकडा निघालेला. लोभी परका माणूस उलगड्याच्या वेळी वाचकाला काहीच देत नाही. काकांची लाज मात्र वाचकाला लगेच कळते, कारण ती त्याच्याही घरात आहे. उलगडा कुठे करायचा हा शेवटचा प्रश्न. इंग्रजी रहस्यकथा सगळ्यांना दिवाणखान्यात जमवते. आपल्याकडे विहीणपंगत आहे. पण तिथे दोन्ही घरांदेखत काकांना उघडे पाडले तर रहस्य सुटते आणि घर मोडते. म्हणून माझ्या मांडणीत करवली पंगतीत काही बोलत नाही. वाढप सुरू असताना ती आत्याला हाताला धरून काकांच्या शेजारच्या पाटावर बसवते आणि येवल्याला जुनी पैठणी सांधून देणारा विणकर तिच्या ओळखीचा आहे का, एवढेच मोठ्याने विचारते. आत्या अर्धा तास त्या विषयावर बोलत राहते. तिचे बोलणे पहिल्यांदाच कोणीतरी जेवण थांबवून ऐकत असते, आणि ते काका असतात.